एक नंबर मोठा

"एक नंबर मोठाच ठेवा," गिऱ्हाईक म्हणालं आणि मोजा काढून त्याने उजवा पाय कागदावर ठेवला. बोलणं एवढंच. असं म्हणणारी माणसं बूटवाल्याला आयुष्यात काही कमी भेटली नव्हती. वाढत्या पोरांचे बाप म्हणतात, पाय सुजणाऱ्या बायका म्हणतात, आणि कंजूष लोक तर उगाचच म्हणतात, तेवढंच दोन बोटं कातडं जास्त पदरात पडलं तर बरं म्हणून. त्याचं उत्तर ठरलेलं होतं आणि ते त्याने मान वर न करता दिलं. "मोठा हवा असेल तर बाजारात जा. तिथे लहानमोठे सगळे टांगून ठेवलेले असतात. इथे पायाचा बूट होतो." गुडघे हल्ली कुरकुरायचे, तरी माप तो जमिनीवर बसूनच घ्यायचा. पेन्सिल सरळ उभी धरून पावलाच्या कडेने फिरवायची. ती आत झुकली तर बूट चावतो, बाहेर झुकली तर पाय बुटात पोहतो. अंगठ्याकडून निघून, टाचेला वळसा घालून तो बाहेरच्या कडेने वर आला आणि पेन्सिल अडली. करंगळी नव्हती. तिच्या शेजारचं बोटही नव्हतं. तिथे नुसती गुळगुळीत, लालसर कातडी होती.

"हे कुठे घालवलंत?" त्याने विचारलं. पायांच्या बाबतीत तो कोणाला काहीही विचारायचा, डॉक्टरसारखा.

"वर, बर्फात. लढाईत." माणूस चाळिशीच्या अलीकडचा होता. कुठल्याशा बँकेच्या दारात दिवसभर उभं राहायची त्याची नोकरी होती, हे त्याने आल्याआल्या सांगितलं होतं. "गोळीबिळी नाही हो. थंडी. बूट मापाचा होता ना माझा." तो स्वतःच हसला. "नवा होतो. नंबर विचारला तर खरा सांगून मोकळा झालो. बाकीचे शहाणे. एक नंबर मोठा मागून घ्यायचे आणि आत मोज्यांचे दोन जोड घालायचे. मापाच्या बुटात दुसरा मोजा जातोय कुठे? कोंबला तर रक्त अडतं. एका पहाऱ्यात बोटं काळी पडली. आता इथे थंडी नाही हे मला कळतं, पण पायाला कोण समजावणार? मापाचा बूट घातला की जीव घाबरा होतो."

"सगळेच घ्यायचे?"

"काय?"

"मोठा बूट. सगळेच घ्यायचे का?"

"ज्यांची बोटं जागेवर आहेत ते सगळे," माणूस म्हणाला.

बूटवाल्याने रेघ पूर्ण केली. डाव्या पायाचं मापही घेतलं, चवड्याभोवती, कमानीभोवती फीत फिरवली, आकडे लिहिले, आणि "पुढच्या आठवड्यात या, मोठा करतो," असं म्हणाला. माणसाला हे अपेक्षित नसावं. तो म्हणाला, "बरं झालं बाबा, ऐकलंत. मला वाटलं हाकलताय." मग तो पायऱ्या चढून वर गेला. आणि थोड्या वेळाने त्याचे पाय खिडकीतून गेले. उजवा पाय जरासा आतल्या बाजूने टेकत होता. ते बघायची बूटवाल्याला गरज नव्हती, पण नजर गेली. ती जायचीच.

दुकान रस्त्याच्या पातळीखाली होतं. सहा पायऱ्या उतरून यायचं, आणि एकुलती एक खिडकी फुटपाथला लागून. तिच्यातून माणसं कधी दिसायची नाहीत, गुडघ्याखालचे पाय तेवढे दिसायचे. दिवसभर पाय. घाईचे, फरफटणारे, एकमेकांच्या पुढेमागे करणारे नव्या जोडप्यांचे, बापाच्या एका ढांगेत तीन पावलं टाकणारे पोरांचे. सुरुवातीला बायको म्हणायची, "अहो, तुम्हाला रस्त्यात कोणी ओळख दिली तर कळत तरी का? तोंडाकडे बघत जा की माणसाच्या." ते खरंच होतं. तोंडं त्याच्या लक्षात राहायची नाहीत. चाल राहायची. पोस्टमन पायऱ्या उतरायच्या आधीच तो "काय आणलंत?" म्हणून विचारायचा. आणि त्या खिडकीकडे तो गेली कित्येक वर्षं का बघत होता, हे त्याने जिवंत माणसाला सांगितलेलं नव्हतं. टाच बाहेरून टेकवणारी, मग झपकन पुढे पडणारी, जरा उडी मारल्यासारखी एक चाल होती. त्या चालीचा त्याचा मुलगा एक दिवस खिडकीवरून जाईल, पायऱ्यांपाशी थांबेल, आणि नेहमीसारखा दोन-दोन पायऱ्या सोडून खाली येईल. भिंगरी म्हणायचे त्याला घरात. पायाला भिंगरी लागलेली होती म्हणून. चालायला लागला तेव्हापासून एका जागी बूड टेकलं नाही. माप घ्यायचं तर बहिणीने त्याला मागून घट्ट धरायचं आणि बापाने पाऊल पकडायचं, आणि तो गुदगुल्या होतात म्हणून खिदळत सुटायचा. कागदावर रेघ तीनदा काढावी लागायची. त्याच्या पायात बाजारातला बूट कधी गेला नाही. सैन्यात जाईपर्यंत नाही.

बूटवाला उठला आणि पुन्हा बसला. त्याला कळेना की आपल्याला काय होतंय. छातीत दुखत नव्हतं. पायाखालची जमीन सरकते म्हणतात, तर तीही जागच्या जागी होती, तिच्यावर कातड्याचे तुकडे पडलेले दिसत होते. फक्त डोक्यात एकच वाक्य मागेपुढे होत होतं. ज्यांची बोटं जागेवर आहेत ते सगळे. आज नेमकं हे कशाला? आज तर संध्याकाळी लवकर घरी जायचं होतं. आज भिंगरीचा दिवस होता, तो गेल्याची तारीख घरात याच नावाने पाळायचे. मुलगी आणि जावई येणार होते. टेबलावर जुनी चादर अंथरून तिच्यावर सैन्यातून परत आलेले ते बूट ठेवणार, बायको त्यांना पॉलिश करणार, आणि मग प्रत्येकाने भिंगरीची एकेक गंमत सांगायची. रडायचं नाही, असा मुलीने पहिल्याच वर्षी नियम करून टाकला होता. गंमत सांगायची, आणि मागे सांगितलेली पुन्हा सांगायची नाही. आता गमती संपत आल्या होत्या. मागच्या खेपेला जावयाने सांगितलेली गंमत बहुधा त्याच्या स्वतःच्या भावाची होती, पण सगळे हसले. बूटवालाही हसला. तो दरवर्षी हसायचा. लोकाच्या लग्नात जेवायला बसल्यासारखा बसायचा, वाढलेलं घ्यायचा, मान डोलवायचा. आणि मनातून त्याला या सगळ्यांची कीव यायची. हो, कीवच. बायकोची सगळ्यात जास्त. ती पॉलिशचं फडकं बुटाच्या टोकावर गोल गोल फिरवायची तेव्हा त्याला वाटायचं, बिचारी कोणाचे बूट पुसतेय हिला माहीत नाही. तो आल्यावर हिला सांगू.

कारण ते बूट भिंगरीचे नव्हते. ही गोष्ट त्याला पहिल्या दिवशीच कळली होती. भिंगरीची म्हणून बंद पेटी आली ती बंदच गेली. उघडू नका, असं बरोबर आलेल्या साहेबाने हात जोडून सांगितलं होतं. तोफगोळ्याने जखमी झाला, छावणीतल्या दवाखान्यात आणला आणि तिथे गेला, असं साहेब म्हणाला. सामानाची पत्र्याची ट्रंक चार दिवसांनी आली. त्यात दाढीचं सामान होतं, स्वेटर होता, तुटक्या काचेचं घड्याळ होतं आणि सगळ्यात खाली बूट होते. बायको स्वेटरमध्ये तोंड खुपसून बसली होती, मुलगी तिला धरून बसली होती, आणि त्याने सवयीने, अगदी निव्वळ सवयीने, बूट उचलून उलटा केला. तळव्यावर आठाचा आकडा होता. त्याने दुसरा उलटा केला. आठ. मग त्याने आत हात घातला आणि बोटांनी माप काढलं, कारण छापलेल्या आकड्यावर त्याचा कधीच विश्वास नसायचा. आठच. आणि भिंगरीचा पाय सात. सात आणि अरुंद. जाताना त्याने स्वतः त्याला बजावलं होतं. "नंबर विचारतील तेव्हा सात सांग. अरुंद मिळतो का बघ, नाही मिळाला तर फीत घट्ट ओढ. पण साताच्या वर जाऊ नकोस. सैल बुटाने पायाची वाट लागते. ऐकतोयस ना?" आणि भिंगरी म्हणाला होता, "ऐकलं हो बाबा, सात." पोरगं सगळ्या जगाचं ऐकेल न ऐकेल, बुटाच्या बाबतीत बापाचा शब्द मोडणार नाही. बूटवाल्याच्या मुलाच्या पायात ढगळ बूट? कसं शक्य आहे? त्या रडारडीत, त्या ट्रंकेपाशी उभा असताना त्याला आनंद झाला. त्याची लाज त्याला तेव्हा वाटली नाही आणि नंतरही कधी वाटली नव्हती. आनंद इतका झाला की तो तोंड लपवायला मोरीत गेला आणि नळ सोडून उभा राहिला. बाहेर बायकांना वाटलं, बाप माणूस, आत जाऊन रडतोय.

दवाखान्यात माणसं रांगेने पडलेली असणार. बूट रांगेने काढून ठेवलेले असणार. नावाच्या चिठ्ठ्या घाईने बांधलेल्या असणार. कोणाची कोणाला बांधली गेली तर नवल ते काय? बूट चुकला तर माणूसही चुकला असेल. हे सगळं त्याने मोरीत उभ्याउभ्याच जुळवलं. मग रोज थोडंथोडं वाढवत नेलं. भिंगरी शत्रूच्या हाती सापडला असेल. डोक्याला मार लागून नाव विसरला असेल. कुठल्या तरी गावात, कुठल्या तरी घरी असेल आणि एक दिवस पाय त्याला आपोआप घेऊन येतील. नुसते बूटच बदलले असतील आणि माणूस तोच असेल, हेही त्याच्या मनात आलं होतं. तो काही खुळा नव्हता. आलं की तो दुसऱ्या कामाला लागायचा. आणि आणखी एक होतं, त्याच्याकडे तर त्याने बघायचंच नाकारलं. त्या बुटांच्या टाचा बाहेरून झिजलेल्या होत्या. दोन्ही. फार नाही, बूट तसे नवेच होते, पण बाहेरच्या कडेला किंचित उतरलेल्या. पहिल्या दिवशीच त्याच्या अंगठ्याला ते कळलं होतं. टाच बाहेरून झिजवणारी माणसं जगात हजारो असतात, असं तो तेव्हा स्वतःशी म्हणाला आणि त्यानंतर त्याने त्या बुटांना हात लावला नाही. बायकोला वाटायचं, त्याला सोसत नाही. एकदा ती म्हणालीही होती, "एकदा तरी फडकं फिरवा हो. बरं वाटतं." तो म्हणाला, "तूच कर. तुझा हात हलका आहे."

मघाशी तो माणूस बसला होता त्या बाकाच्या वर, कपाटात, फर्मे ओळीने लावलेले होते. एकेका गिऱ्हाइकाचा लाकडी पाय. ज्यांच्या पायावर वर्षानुवर्षं तेच बूट शिवायचे त्यांचे फर्मे तो स्वतः कोरायचा, आणि गिऱ्हाईक मेलं की कानस मारून, कुठे कातड्याची चकती चिकटवून, तोच फर्मा दुसऱ्याच्या मापाला आणायचा. लाकूड महाग असतं आणि मेलेल्या माणसाला बूट लागत नाहीत, असं तो पूर्वी हसत सांगायचाही. भिंगरीचा फर्मा मात्र वरच्या कप्प्यात कापडात गुंडाळून ठेवलेला होता, आणि त्याच्या शेजारी एक जोड तयार असायचा. तपकिरी, साध्या फितीचा. काही वर्षांनी कातडं सुकून कडक व्हायचं, मग तो नवा शिवायचा आणि जुना देऊन टाकायचा. जावई भला माणूस. त्याने तीनदा सांगून पाहिलं, "बाबा, ही ओल तुमच्या हाडांना चांगली नाही. आमच्या रस्त्यावर गाळा मिळतोय, वरचा, उजेडाचा. चला तिकडे." मुलगी रागावली, रडली, अबोला धरून झाला. तो ढिम्म हलला नाही. भिंगरी आला तर कुठे शोधेल, हे काही त्याला त्यांना सांगता येत नव्हतं. मग ते म्हणायचे, म्हातारा हट्टी आहे. म्हणू देत.

त्याने फर्मा काढला. कापड सोडलं. डाव्या पायाचा हातात घेतला. अंगठ्याच्या सांध्यापाशी थोडा उंचवटा, कमान उंच, टाच लहान. डोळे मिटूनही सांगता आला असता. सात आणि अरुंद. ठीक. यात काही बदललेलं नाही, असं त्याने स्वतःला सांगून पाहिलं. तो बँकेवाला काय बोलला? दोन जोड मोजे. कोणी घालत असतील. भिंगरीने घातले असतील कशावरून? त्याच्याकडे कुठून आले दोन जोड जाड मोजे? ट्रंकेत तर एकही नव्हता. हे आठवलं तसा तो जरा सावरला. नव्हताच. स्वेटर होता, मोजे नव्हते. मग लगेच दुसरं मन म्हणालं, मोजे ट्रंकेत कसे असतील? मोजे पायात असतात. आणि तिसरं काहीतरी, ज्याला मन म्हणावं की काय कोण जाणे, ते अगदी शांतपणे म्हणालं की तू सात सांगितलास. त्याने जर तुझं ऐकलं असतं तर या माणसासारखी त्याची बोटं गेली असती. तू इतकी वर्षं देवासारखी ज्या आकड्याची पूजा केलीस, तो आकडा त्याच्या पायांना गिळणारा होता. हे असं स्पष्ट कानात बोलल्यासारखं ऐकू आलं आणि त्याला एकदम शिसारी आली. हातातला फर्मा खाली ठेवावा असं वाटलं आणि ठेववेना.

खिडकीतून पाय जात होते. त्याने बघितलं नाही. मग बघितलं. टाच बाहेरून टेकवणारे पाय गेले, आणि तो नेहमीसारखा अर्धवट उठला. ते पाय कोणा पोक्त बाईचे होते. घरी जाऊ नये, असा विचार त्याने केला. निरोप पाठवावा, अंगात कसकस आहे म्हणून. फर्म्याला दोन मोजे चढवून तो त्या बुटात घालून बघितलाच नाही तर काय बिघडतं? कोणी विचारणार आहे का? हा फर्मा कापडात गुंडाळायचा, वर ठेवायचा, बँकेवाल्याचा बूट एक नंबर मोठा शिवायचा आणि त्याला पुन्हा या दुकानात पाऊल ठेवू द्यायचं नाही. आणखी किती वर्षं काढायची आहेत? जेवढी आहेत तेवढी खिडकीकडे बघत निघून जातील. त्याने खरंच फर्मा गुंडाळला. वरच्या कप्प्याकडे हात नेला. पण आयुष्यभर ज्या माणसाने शंका आली की माप पुन्हा घेतलं, शिवलेला बूट उसवून पुन्हा शिवला, त्याचा हात तिथून परत फिरला. त्याला स्वतःच्या हाताचा संताप आला. त्याने फर्मा पिशवीत टाकला, दिवा बंद केला आणि कुलूप लावायला तो विसरला.

घरी जायला नेहमीपेक्षा उशीर झाला की लवकर पोचला, त्याला सांगता आलं नसतं. दारात मुलीच्या चपला होत्या, जावयाचे बूट होते. बूट दुसऱ्या कुठल्या दुकानातले, चवड्यापाशी तडकलेले. एरवी त्याने टोमणा मारला असता. आत टेबलावर चादर अंथरलेली होती, बायको चष्मा लावून बसली होती, आणि ते बूट तिच्यासमोर होते. एकाला पॉलिश झालेलं होतं. मुलगी म्हणाली, "आलात? आम्ही म्हटलं आज विसरलातच. चहा ठेवू?" त्याने मान हलवली, म्हणजे हो की नाही ते तिला कळलं नाही. तो उभाच राहिला. जावयाने खुर्ची सरकवली. "बाबा, बरं वाटत नाही का?"

"मोजे आहेत का गं घरात?" तो बायकोला म्हणाला. "जाड. लोकरीचे."

"आत्ता? पायाला गार लागतंय?"

"दोन जोड हवेत."

बायकोने चष्मा काढला आणि त्याच्या तोंडाकडे बघितलं. तो पिशवीतून कापड काढत होता. कापडातून लाकडी पाय निघाला तेव्हा मुलगी "बाबा, हे काय?" असं हळूच म्हणाली. फर्मा कोणाचा आहे हे सांगायची गरज नव्हती. माप घेताना तीच तर भिंगरीला मागून धरायची. बायको उठली. आतल्या खोलीत कपाट उघडल्याचा आवाज आला, आणि ती फार शोधाशोध न करता परत आली. मोजे करड्या लोकरीचे होते, घरी विणलेले, जाडजूड, कधी कोणी न घातलेले.

"त्याला दिले होते त्यातलीच लोकर उरली होती," ती म्हणाली. "नंतर विणून ठेवले. कोणासाठी कोण जाणे. हात गप्प बसायचे नाहीत तेव्हा."

"त्याला दिले होते?"

"दोन जोड. निघायच्या आदल्या दिवशी तुम्ही दुकानात होतात. मी म्हटलं, एकावर एक घाल रे, तिथे बर्फ असतं. तर म्हणाला, आई, मग बाबांनी सांगितलेला बूट बसायचा नाही. म्हटलं, मग मोठा माग. आणि बाबांना बोलू नकोस, त्यांच्या मापाला नावं ठेवल्यासारखं होईल, त्यांच्या मनाला लागेल. तर हसला. म्हणाला, बाबांना सात सांगतो आणि तिथे आठ मागतो." ती थोडी थांबली. "ट्रंकेत मोजे आले नाहीत तेव्हा मला तेवढंच एक बरं वाटलं होतं. म्हटलं, पायात होते. पाय तरी गार पडले नसतील. का? काय झालं?"

बूटवाला एकेक मोजा फर्म्यावर चढवत होता. पहिला. त्याच्यावर दुसरा. सुरकुती राहू नये म्हणून टाचेपाशी ओढून सारखा केला, लहान मुलाला घालतात तसा. मग त्याने पॉलिश झालेला डावा बूट ओढला, फीत पूर्ण सैल केली, आणि फर्मा आत सरकवला. चवड्यापाशी किंचित अडला, मग टाच खाली बसली. आतून हवा गेल्याचा बारीक आवाज झाला. त्याने बूट उचलून हलवून बघितला. कुठे खडखड नाही, कुठे ढिला नाही. त्याने आयुष्यात इतका नेमका बसलेला बूट बघितला नव्हता. मग त्याने बूट उलटा केला आणि टाचेच्या बाहेरच्या कडेवरून अंगठा फिरवला, जसा त्या दिवशी फिरवला होता तसा.

"त्याचाच आहे," तो म्हणाला.

"म्हणजे?" मुलगी म्हणाली. "त्याचाच आहे ना बाबा. मग आपण इतकी वर्षं कोणाचा..." आणि ती बोलता बोलता थांबली. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी चढत गेलं. दुकान, ओल, नको म्हटलेला गाळा, एकेक सगळं. जावई खिडकीशी जाऊन उभा राहिला. बायको मात्र हलली नाही. ती नवऱ्याकडे बघत होती आणि तिला समजायला मुलीपेक्षा जास्त वेळ लागत होता, किंवा तिला समजून घ्यायचं नव्हतं.

"आठ नंबर होता," तो म्हणाला. "मी त्याला सात सांगितला होता. मला वाटलं, हे दुसऱ्या कोणाचे असतील."

"मग मला विचारायचं होतंत," ती म्हणाली. "एका शब्दाने विचारायचं होतंत. मी सांगितलं असतं की."

"विचारलं असतं तर तू सांगितलं असतंस ना."

तिने फडकं खाली ठेवलं. खुर्चीत ती अशी बसून राहिली की जणू दिवसभर चालून आत्ताच टेकली आहे. तो बूट दोन्ही हातांत धरून तिच्यासमोर उभा होता. त्याला वाटत होतं की आता रडू येईल, पण त्याच्या आधी दुसरंच काही आलं. ट्रंक उघडल्याच्या दिवशी जे यायला हवं होतं, जे घरातल्या सगळ्यांना येऊन, उरी फुटून, हळूहळू निवून गेलं होतं, ते त्याच्यापाशी आज पोचलं होतं. घरात बातमी जुनी झाली होती आणि त्याला ती आत्ता कळत होती. भिंगरी गेला. गेला म्हणजे खरंच गेला. त्याला साहेबाचे जोडलेले हात आठवले, पेटी आठवली, पेटीची लांबी आठवली. तेव्हा त्याने पेटीकडे नीट बघितलंही नव्हतं. दुसऱ्या कोणाच्या तरी मुलाची पेटी म्हणून त्याने तिच्यावरून हातसुद्धा फिरवला नव्हता.

"फार लागलं असेल का गं त्याला?" तो म्हणाला. "दवाखान्यात नेईपर्यंत तो शुद्धीवर असेल का? हाक मारली असेल का त्याने?"

बायकोने मान वर केली. तिचे डोळे कोरडे होते.

"हे मी तुम्हाला विचारायचे," ती म्हणाली. "तेव्हा, रोज. आठवतंय? तुम्ही कूस बदलून झोपायचात. मला वाटायचं, तुमच्याच्याने ऐकवत नाही, म्हणून मग मी विचारायचं सोडलं. आणि तुम्ही तिकडे तोंड करून त्याची वाट बघत होतात. मला एकटीला ठेवलंत त्याच्याबरोबर."

मुलीने "आई" असं म्हटलं. जावई खिडकीतून खाली बघत राहिला, आणि खालून कोणीतरी कोणाला तरी जेवायला हाक मारत होतं. बूटवाला खाली बसला, जमिनीवर, माप घ्यायला बसतो तसा. फर्मा बाहेर काढायला म्हणून त्याने बुटाची टाच एका हाताने धरली आणि दुसऱ्या हाताने ओढलं. निघेना. लोकर आत धरून बसली होती. हे काम त्याने उभ्या आयुष्यात हजारो वेळा केलेलं होतं, टाच जराशी वाकवायची आणि झटका द्यायचा. हात सगळं विसरले होते. तो ओढत होता आणि ओढता ओढता त्याच्या तोंडातून एक आवाज यायला लागला, बारीक, लांब, पायात काटा मोडलेल्या पोराचा यावा तसा. तो थांबवावा असं त्याला वाटत होतं आणि थांबत नव्हता.

मग बायको खुर्चीतून उतरून, गुडघ्यांवर हात टेकत, त्याच्यासमोर जमिनीवर बसली. तिने त्याचा हात बुटावरून काढला. मायेने काढला असं म्हणवत नाही, पण काढला.

"राहू द्या," ती म्हणाली. "आत राहू दे."

आणि तिने दुसरा बूट, अजून पॉलिश न झालेला, ओढून त्याच्या मांडीवर ठेवला, फडकं त्याच्या हातात दिलं, आणि डबीचं झाकण उघडून डबी त्या दोघांच्या मध्ये ठेवली.